कागदाची बाही

४ फेब्रुवारी

लेकी,

मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण तू प्रत्येक पत्रात पहिल्या ओळीत तेच विचारतेस आणि मग हळूच मुद्द्यावर येतेस. तर मजेत. गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याने सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं, पण सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला जातो. तू इथे होतीस तेव्हा तुला तीनतीनदा दोरा चोखावा लागायचा.

आता बातमी. आधी बस खुर्चीवर. आपल्या बटणला नोकरी लागली! आपल्या म्हटलं ते सवयीने. माझ्या बटणला. विसरली असशील तर सांगते, बटण म्हणजे तुझीच मुलगी, दीड वर्षाची असताना कोटाचं बटण गिळलेली ती. दोन दिवस आपण दोघी तिच्या दुपट्यांत ते शोधत बसलो होतो. सापडलं, धुतलं आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला लावून दिलं. अजून हसू येतं मला.

विम्याच्या कचेरीत लागली. माझ्याकडे त्या वकिलीणबाई येतात ना, डावा खांदा उतरता असलेल्या, त्यांनी शब्द टाकला. मी त्यांच्या कोटात तो खांदा आतून असा भरून देते की कोर्टात कोणाच्या बापाला कळत नाही. त्या म्हणाल्या, "आजी, तुमची नात हुशार आहे. पण त्या कचेरीत बाईमाणसाला आधी डोक्यापासून पायापर्यंत बघतात आणि मग तिचं बोलणं ऐकतात." म्हटलं, बघू देत की. बघण्यासारखं मी शिवते.

पण खरं सांगते, मी दुसऱ्यांचे कपडे आत घेतले, बाहेर सोडले, खाली उतरवले. कचेरीत रोज जाणाऱ्या बाईला काय काय लागतं हे पहिल्यापासून मला कुठे ठाऊक? मी चौथीपर्यंत शिकलेली, माझी कचेरी म्हणजे हे मशीन. तू चौदा वर्षं तिकडे खुर्ची झिजवते आहेस. तर सगळं नीट लिही. किती कपडे, कुठले रंग, बायका कशाला हसतात, कशाला मान देतात.

तुझी ती नेहमीची विनंती वाचली. "तिला एकदा सांग की मी दर महिन्याला लिहिते. बाकी काही मागत नाही." आधी कपड्यांचं लिही. मग बघू.

आई

२० फेब्रुवारी

लेकी,

पाच पानं! एवढं तर तू परीक्षेतही लिहिलं नव्हतंस. पण कामाचं लिहिलंस हो. मी दोनदा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून.

दोन पँट, चार शर्ट, एक गडद कोट. सातच नग, पण असे की कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालावा. रंग तीनच. कापड घेण्याआधी मुठीत आवळून बघायचं, चुरगळलेलं राहिलं तर दुकानातच ठेवायचं. घातल्यावर आरशापुढे नुसतं उभं राहायचं नाही, बसून बघायचं, हात वर करून बघायचं, खाली पडलेला कागद उचलून बघायचं. आणि खिसे हवेत, खरे, हात मावणारे, नाहीतर बाई दिवसभर पर्स छातीशी धरून हिंडते आणि तिला चहा आणायला सांगतात. हे शेवटचं वाचून मी मोठ्याने हसले. तुला सांगितला असणार कोणीतरी चहा आणायला.

मग बटणला कच्च्या टाक्यांचा शर्ट घातला आणि म्हटलं, बस. उठ. हात वर कर. फायलीसाठी वरच्या फळीवर हात घालतेस असं समज. शर्ट पँटमधून बाहेर आला. म्हटलं, बघितलंस? दोन बोटं लांबी वाढवायची. ती डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, तू तर कधी कचेरीची पायरी चढली नाहीस. तुला कसं गं एवढं कळतं?"

म्हटलं, "डोळे आहेत मला."

"एकच धड आहे त्यातला," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. टाचणी टोचली तिला, तरी सोडेना. तुला सांगू, चौदा वर्षांत एवढा आनंद मला झाला नव्हता.

तुझा कागद पण छान जाड आहे. पूर्वी पातळ असायचा, खडूने फाटायचा. आता पगार वाढलेला दिसतो. वाचून झालं की असा कागद फुकट का घालवायचा? दोन पानं चिकटवून शर्टाची पाठ बेतली, एकात बाही, एकात कॉलर. तुला माहीत नसेल, तुझं एकही पत्र मी टाकलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या पत्रांवर तिचा शाळेचा पहिला फ्रॉक बेतला होता. मग दर वर्षी ती वाढत गेली आणि तुझे कागदही येत राहिले. मापाला माप. गंमत म्हणजे तू पत्ता नेहमी वरच्या कोपऱ्यात लिहितेस, तो बरोबर गळ्यात जातो. कातरला की गेला. तो गळ्याचा तुकडाही मी टाकत नाही, त्यात खिशाची झडप बसते. माझ्याकडे चतकोर वाया जात नाही.

काळजी करू नकोस, तिच्या नजरेला पडत नाहीत. सगळी कटिंगं मशीनमागच्या खिळ्याला जुन्या उशीच्या अभ्र्यात टांगलेली आहेत, आणि आमच्यात वाटणी ठरलेली आहे. कागद आणि कात्री माझी. उसवणं आणि काजं तिची. काय उसवते पोरगी! ब्लेडचं टोक असं फिरवते की कापडाला कळतसुद्धा नाही आपण कधी शिवलेलो होतो.

तुझं ते, बघू.

आई

१५ मार्च

लेकी,

गेली एकदाची! सकाळी आठला माझी बटण जिना उतरली तेव्हा खालचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बघत राहिला, कोणाचातरी पायजमा करपला. म्हणाला, "आजी, मला वाटलं कचेरीतल्या बाई कुणाला शोधत आल्या." मी वरून म्हटलं, "त्याच आहेत, आणि मला शोधत बसतात रोज रात्री जेवायला."

राखाडी पँट, पांढरा शर्ट, गडद निळा कोट. कोटाला आतून लिंबाच्या रंगाचं अस्तर लावलं. बाहेरून कोणाला दिसत नाही, पण खिशात हात घातला की तिला दिसतं. ही माझी कल्पना हो, तुझ्या पाच पानांत नव्हती.

संध्याकाळी आली ती जिन्यातूनच ओरडत. तिथल्या तिघीजणींनी विचारलं, कुठून घेतलास कोट? तयार आहे का? ही म्हणाली, "माझ्या आजीने शिवलाय." त्यांना खरंच वाटेना. अस्तर उलटून बघितलं त्यांनी.

तुला आठवतं? तुझ्या पहिल्या नोकरीच्या आदल्या दिवशी मी तुला कोट शिवून दिला होता. अकरा दिवस खपले होते. तू घातलास, आरशात बघितलंस आणि म्हणालीस, "आई, हा घरी शिवलेला दिसतो. हसतील मला." आणि दुकानातून तयार कोट घेऊन आलीस, खांद्यावर टाके उघडे पडलेला. तोच घालून गेलीस, सहा वर्षांच्या पोरीला माझ्याकडे ठेवून. माझा कोट खुर्चीवर तसाच. त्याचं मी काय केलं ते कधी विचारलं नाहीस. मशीन पुसते त्याने. चांगलं शोषतो.

तू फोटो मागितला होतास. काढला. सुरेख आला. तो मी ठेवलाय. तुला अस्तराचा एक तुकडा पाठवते आहे, यावरून अंदाज कर.

आणि एक, आज मन मोकळं आहे म्हणून सांगून टाकते. तू गेल्यावर सहा महिन्यांनी तिला न्यायला आलीस, खाली दारात उभी राहिलीस, आणि मी म्हटलं, "तिने तुला खिडकीतून बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिला नाही यायचं." तेव्हा ती घरातच नव्हती गं. तिला मी बटणं आणायला पिटाळलं होतं, कोपऱ्यापलीकडच्या दुकानात. तू डावीकडे वळलीस आणि ती उजवीकडून आली. हातात कागदाची पुडी, नाक वाहतंय. मी म्हटलं, देवाची कृपा.

आता तुला राग येईल. येऊ दे. इतक्या दुरून यायचा म्हणजे वाटेतच थंड होईल.

सांगितलं का, म्हणून विचारतेस. नाही सांगितलं. बघू म्हटलं होतं, सांगेन म्हटलं नव्हतं.

आई

६ मे

लेकी,

तुझं पत्र आलं. सगळीकडे शाई पसरलेली, त्यामुळे निम्मं वाचता आलं नाही. कागद ओला झाला की बेतायला निकामी होतो, हे लक्षात ठेव.

पण त्यातही तू कपडे टिकवायचं लिहिलंस, त्याबद्दल शाबास. अगदी तसंच करतो आम्ही. एकच पँट लागोपाठ दोन दिवस घालायची नाही, एक दिवस टांगून श्वास घेऊ द्यायचा. कोट धुवायचा नाही, ब्रशने झटकायचा, वरून खाली. रविवारी सगळे सात नग दांडीवर उलटे करून टांगते आणि आम्ही दोघी शिवणी तपासतो, डॉक्टर तपासतात तशा. काखेत उसवलंय का, मांडीला झिजलंय का, बटण लोंबतंय का. लोंबणारं सापडलं की मी ओरडते, "गिळू नकोस!" आणि ती दर रविवारी हसते. पांढऱ्या शर्टाची कॉलर कडेला विरली, तर उसवून उलटी बसवली, नवी दिसते. उसवली तिने, बसवली मी. तिला कचेरीत कायम केलं. वकिलीणबाई सांगत होत्या, साहेब तिला बैठकीत बोलावतात आणि चहा दुसराच कोणी आणतो.

अशाच एका रविवारी तिने विचारलं. मी गुडघ्यावर बसून तिच्या पँटची खालची पट्टी टाचत होते. वरून म्हणाली, "आजी, आई कधी एक ओळ तरी लिहिते का गं? मला नाही, तुला?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवली.

नुसती नाही म्हणून मान हलवली. तोंडाने मी खोटं बोललेली नाही, तेवढी मी जपून असते. तिने खाली वाकून पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "पट्टी सरळ आली ना?" सरळच आली होती.

तू जूनमध्ये येणार म्हणतेस. येऊ नकोस. आलीस तर आम्ही घर बदललेलं असेल, मला काय, एक मशीन आणि दोन गाद्या. फोनही करू नकोस, फोन इस्त्रीवाल्याचा आहे आणि तुझी पत्रंही त्याच्याच हातातून मला मिळतात. तो माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याच्या बायकोचे ब्लाऊज मी शिवते.

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, डावा. तीन दिवस दवाखान्यात. बटण रजा काढते म्हणाली. मी म्हटलं, दिवसा घरी बस, संध्याकाळी मला भेटायला ये, आणि माझ्या मशीनला हात लावू नकोस. ती हसली. मी बरी होऊन येईन तेव्हा मला काहीतरी गंमत दाखवणार आहे म्हणे.

आई

२८ मे

लेकी,

डोळ्यात थेंब घालूनच लिहायला बसले आहे, ओळी वरखाली होतील. डोळा छान झाला. इतकं स्वच्छ दिसतं की भिंतीवरचे डाग मोजता येतात.

पहिल्या संध्याकाळी ती दवाखान्यात आली होती. माझ्या खांद्याचं माप घेऊन गेली, टेपने, मी झोपलेली समजून. दुसऱ्या संध्याकाळी आली नाही. मला न्यायला इस्त्रीवालाच आला. वाटभर एक शब्द नाही, हा माणूस एरवी गिऱ्हाइकाच्या शर्टाशीही बोलतो. दारात म्हणाला, "आजी, हात धरा. उंबरा आहे."

म्हटलं, "माझाच उंबरा मला दाखवतोस?"

आत गेले. टेबलावर माझ्यासाठी आणलेलं कापड पसरलेलं होतं, निळ्या फुलांचं, मऊ. पुढून उघडणारा झगा शिवणार होती, म्हणजे डोळ्याला धक्का न लावता घालता यावा. अंगाचं माप बदलून घेऊ, पण बाहीचं कटिंग तरी अभ्र्यातलं वापरू, असं तिला वाटलं असणार. कापडावर खडूने एकच रेघ मारलेली होती. तिथपर्यंतच. अभ्रा खिळ्याला रिकामा.

म्हटलं, "कागद कुठे आहेत?"

इस्त्रीवाला म्हणाला, "परवा खाली आली. म्हणाली, काका, इस्त्री द्या जरा. म्हटलं, आण कपडे, मीच करून देतो. तर म्हणाली, कपडे नाहीत, कागद आहेत."

"रडत होती?"

"नाही. घड्या काढत होती. एकेक कागद सरळ करून जमिनीवर लावत होती, पाठ, पुढा, बाह्या, बारकी बारकी फ्रॉकंसुद्धा. माझं दुकान भरलं, आजी. मी गिऱ्हाईक बाहेर उभं केलं. मग ती ओणवी होऊन वाचत बसली. मध्येमध्ये तुटायचं, मग तुकडा शोधायची."

"पत्ता?"

"खिशाच्या झडपेवर होता," तो म्हणाला.

माझ्याकडे चतकोर वाया जात नाही, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तुला हसू आलं असेल आता.

आणि कपडे. तेच सांगायचं आहे. पलंगावर सात ढीग. सातही नग उसवलेले. फाडले नाहीत, कापले नाहीत, उसवले. पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाह्या एकावर एक, कॉलरमधलं बकरमचं ताठ कापड वेगळं, बटणं ताटलीत, दोरा रिळावर गुंडाळलेला. कोटाचं लिंबाच्या रंगाचं अस्तर इस्त्री करून घडी घातलेलं. मी नव्या डोळ्याने खिडकीजवळ नेऊन बघितलं. काखेतल्या बारीक टाक्यांचीसुद्धा कापडाला भोकं नाहीत. एक धागा ओढला गेलेला नाही! असा हात मी उभ्या जन्मात बघितला नाही, माझासुद्धा नाही. मी इस्त्रीवाल्याला म्हटलं, "बघ, बघ हे काम!" तो खाली मान घालून निघून गेला. त्याला काय कळतं त्यातलं.

तो म्हणाला, जाताना शाळेतला जुना स्वेटर होता तिच्या अंगात. कोपरापर्यंत बाह्या. कचेरीत रजेचा अर्ज देऊन, कागदांची वळकटी काखेत धरून गेली.

पोचली का? तेवढी एक ओळ कळव. बाकी काही मागत नाही.

आई

३० जून

लेकी,

तू लिहीत नाहीस. पूर्वी महिन्याच्या पाच तारखेला यायचं. मी पाचला खाली जाऊन बसले, मग सहाला, सातला. इस्त्रीवाला म्हणतो, "आजी, आलं की मी आणून देईन." म्हटलं, तुझ्यावर माझा विश्वास नाही.

गिऱ्हाईक येतं. वकिलीणबाई आल्या होत्या, विचारत होत्या, नात तिकडेच नोकरी बघणार का? मी मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या.

काल मात्र पाकीट आलं! तिचं अक्षर. मी जिना दोन पायऱ्या एकदम चढले, या गुडघ्यांनी. आत एकच कागद, जाड, तुझ्याकडचा. बाहीच्या मापात कापलेला. दोन्हीकडून मजकूर गेलेला, मधला उरलेला.

वर खांद्याच्या गोलाईत आहे, "आजी, मी तुला". पुढे कात्री. त्याखाली, "टाचण्या तोंडात धरून". मग नुसतं "कधीच". मग "थेंब वेळेवर". बाही जिथे सगळ्यात रुंद असते तिथे एक ओळ अख्खी राहिली आहे. "आईचा तो जुना तयार कोट मला बरोबर बसला, काही उसवावं लागलं नाही."

खाली मनगटापाशी काही नाही. कोरं.

मी तो कागद कापडावर ठेवून बघितला. काम चोख आहे, पण तिला सांग, गोलाई अर्धं बोट जास्त खोल गेली आहे, हात वर केला की ओढेल. आणि तुझ्या त्या कोटाचे खांद्याचे टाके उघडे आहेत, मी चौदा वर्षांपूर्वीच बघितले होते. ते आतून घालून घे म्हणावं. तिला येतं. शिवायला मी बसवलं नाही तिला कधी, पण बघितलेलं आहे तिने.

निळ्या फुलांचं कापड टेबलावर तसंच आहे. मी बेतलं नाही.

एक काम कर, लेकी. कापून उरलेले तुकडे तिने टाकले नसतील. ती माझी आहे, चतकोर टाकणार नाही. कुठेतरी पुडी करून ठेवले असतील. त्यातला एकच पाठव. सगळे नको. "आजी, मी तुला" याच्या पुढचा. काय लिहिलंय ते लिहिलेलं असू दे, माझा डोळा आता चांगला आहे, मी वाचेन.

तिच्या नकळत पाकिटात घाल. किंवा तिला विचारून घाल. फक्त "बघू" असं लिहू नकोस.

आई